गळती नेहमी जोडापाशी

१

चार प्रोजेक्ट होते, प्रत्येक पाच मिनिटांचा. एकापुढे एक जोडले की वीस मिनिटं. एवढी बेरीज शेंबड्या पोरालाही येते.

बाबांनी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली. ते गेल्यावर सहा महिन्यांनी खात्याला जाग आली आणि प्रशिक्षणाच्या सभागृहात त्यांचा फोटो लावायचं ठरलं. रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम. आधी वीस मिनिटांची फिल्म, मग आईचे दोन शब्द, मग फोटो.

"तुम्ही तर घरच्याच एडिटर," खात्यातला कारकून फोनवर म्हणाला. "पण वीस म्हणजे वीस हं ताई. एकविसाव्या मिनिटाला साहेब उठून जातात. मागच्या वेळी एका बिचाऱ्याचा फोटो शिपायाच्या हातून लावावा लागला."

मी एकटीनं केली असती तर फिल्म तीन दिवसांत झाली असती. पण मेलेल्या माणसावर सगळ्यांचा हक्क असतो. जिवंतपणी तो फक्त ज्याची खोली शेजारी असेल त्याचा.

दादानं त्याच्या शहरात बसून तरुणपणाचा भाग केला. जुन्या फोटोंचा भाग आत्यानं, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीनं, फोनवर केला आणि प्रत्येक फोटोनंतर एक गुलाब गरगर फिरवत आणला. नोकरीचा भाग वायसरकाकांनी. ते बाबांचे तीस वर्षांचे जोडीदार. चण इतकी लहान की दोन पाइपांच्या मध्ये बसतील, म्हणून खात्यानं ठेवलेलं नाव. शेवटची दोन वर्षं, अर्धांगानंतरची, माझ्या वाट्याला आली. तो भाग कोणालाच नको होता. त्या दोन वर्षांत बाबाही कोणाला फारसे नको होते. मलाही नव्हते.

"माझ्या भागाला हात लावायचा नाही," आत्यानं बुधवारी सकाळीच फोन करून बजावलं.

"आत्या, तो गुलाब बाबांच्या तोंडावरून फिरतोय."

"फिरू दे. तू फक्त जोड. जोडायचं काम दिलंय तुला, नाक खुपसायचं नाही. आणि कानातलं ते काढून काम कर जरा. तुझ्या कानात ते गेलं की तुझ्यापुरतं जग मेलं."

आत्याला वाटतं टोमणा मारायला अक्कल लागते.

२

माझी कामाची खोली बाबांच्या खोलीला लागून आहे. दोन्ही खोल्यांतून एकच पाण्याचा पाइप जातो: न्हाणीघरातून निघतो, बाबांच्या पलंगामागून भिंतीत शिरतो, भोवती बोटभर फट राहिलेल्या भोकातून माझ्याकडे येतो, माझ्या टेबलाखालून पुढे स्वयंपाकघरात. बाबांनी स्वतः टाकलेला, भिंतीबाहेर उघडा. "पाइप लपवला की तो खोटं बोलायला शिकतो," म्हणायचे. जमिनीपासून वीतभर उंच असल्यामुळे मी काम करताना अनवाणी तळपाय त्यावर टेकवते. कायम गार असतो. सवयच झाली आहे.

अर्धांगानंतर बाबांचा उजवा हात शाबूत राहिला. त्या हातात त्यांचा छोटा पाना असायचा, उशीखाली ठेवलेला, आणि ते पाइपवर ठोकून बोलवायचे. नियम मीच केले. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदल. तीन म्हणजे असशील तशी धावत ये.

दोन दिवस नियम पाळला. तिसऱ्या दिवशी तीन ठोके पडले. मी जेवणाच्या हातानं धावले. पंखा कमी करायचा होता.

"बाबा, तीन म्हणजे जिवावर बेतलं तर!"

तोंडाचा जो कोपरा हलत होता तेवढ्याच कोपऱ्यातून ते हसले. "मग मी काय... जिवंत दिसतो तुला?"

त्यानंतर सगळ्याला तीनच. पंख्याला तीन, चष्मा पडला तर तीन, किती वाजले विचारायला तीन. दिवसात चाळीस वेळा. मी लग्नाच्या फिल्मा जोडत बसलेली असायचे, नवरी लाजत असायची, आणि माझ्या तळपायांखाली ठण, ठण, ठण. मोठे हेडफोन घेतले ते तेव्हाच. कान झाकले गेले. तळपाय उरले.

ज्या दुपारी ते गेले, तेव्हा आई औषधं आणायला बाहेर गेली होती. मी हेडफोन घालून काम करत होते. बाबा पलंगावरून खाली पडले. मला ऐकू आलं नाही. हे मी आईला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, दादाला, आत्याला, वायसरकाकांना. इतक्या वेळा सांगितलं की त्या वाक्याला आता कोपरेच उरले नाहीत.

आता त्या खोलीत आई झोपते. पाना अजून उशीखाली आहे. "काढू का?" मी एकदा विचारलं. "राहू दे," आई म्हणाली. "माझी काय अडचण होतेय?"

३

बुधवारी दुपारी चारही प्रोजेक्ट एका टाइमलाइनवर आणले. आत्या, दादा, काका, मी, या क्रमानं. चार तुकडे, तीन जोड.

लांबी आली वीस मिनिटं तीन सेकंद.

असं होतं. दादाचा भाग सेकंदाला तीस चित्रांचा, माझा पंचवीस चित्रांचा. मापं जुळली नाहीत की सांध्यात फट राहते. मी चित्र मोठं करून पाहिलं. प्रत्येक जोडापाशी एक सेकंद काळोख. पण रिकाम्या फटीत आवाज नसतो. इथे आवाजाची रेघ होती. मधोमध एक टोक, काट्यासारखं.

वाजवून पाहिलं. आत्याचा शेवटचा गुलाब फिरून गेला, पडदा काळा झाला, आणि ठण. आवाजाच्या मीटरची हिरवी पट्टी उडाली आणि बसली. दुसऱ्या जोडापाशी ठण. तिसऱ्या जोडापाशी ठण.

तीन.

मी हेडफोन फेकून बाबांच्या, म्हणजे आईच्या खोलीत धावले. आई खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय गं?"

"तू ठोकलंस?"

"काय ठोकू?"

मी परत आले आणि स्वतःवर चिडले. मीटर उडालं होतं. म्हणजे आवाज फाइलमध्ये होता. आणि ठोके पडले तेव्हा माझे पाय पाइपवर होते, तळपायांना काही लागलं नव्हतं. मग धावायचं कशाला?

फाइलमध्ये कसा आला, त्यालाही उत्तर होतं. कार्ड पुसून घातलं की कॅमेरा पुन्हा एकपासून आकडे टाकतो, त्यामुळे सत्तेचाळीस नंबरच्या क्लिपा जगात हजारो असतात. वेगवेगळे प्रोजेक्ट एकत्र केले की सॉफ्टवेअर क्लिपला नावावरून ओळखतं, तोंडावरून नाही. एका लग्नात मी असंच नवरीच्या जागी खाद्याच्या जाहिरातीतली कोंबडी बसवली होती. वरपक्षाला आधी कळलंच नाही. तसाच बाबांच्या खोलीतला कुठलातरी जुना आवाज शिरला असणार. काकांच्या भागात तर दर दोन मिनिटांनी कोणीतरी पाइप ठोकतंय.

मी सगळ्या फाइलींना नवी नावं दिली, काळोख कापला, तुकडे एकमेकांना चिकटवले. वीस मिनिटं, शून्य सेकंद.

उठताना टेबलाखाली वाकून पाइपला हात लावला. गार होता. नेहमीसारखा.

४

गुरुवारी सकाळी फाइल उघडली. तेवीस मिनिटं.

प्रत्येक जोडापाशी एक अख्खं मिनिट काळोख. आता ठोके एकेकटे नव्हते. तीन, मग थांबून तीन, मग थांबून तीन.

पुन्हा आईकडे धावले. दुपारी परत एकदा. संध्याकाळी चहा गाळता गाळता कानात वाजलं म्हणून तिसऱ्यांदा. तेव्हा तर मी टाइमलाइनपासून लांब होते, ठोके नुसते डोक्यात राहिले होते. तिसऱ्या वेळी आई पडली होती, डोळे मिटून. मी दारात उभी राहून तिची छाती हलतेय का बघत राहिले.

"मी गेले की कळेलच तुला," ती डोळे न उघडता म्हणाली. "तोवर धावू नकोस. मला दचकायला होतं."

पुरावा हवा म्हणून मी चारही प्रोजेक्ट वेगवेगळे उघडून वाजवले. आत्याचा पाच मिनिटं. दादाचा पाच. काकांचा पाच. माझा पाच. एकाही तुकड्यात ना काळोख, ना ठोका. जोडले की यायचं. फक्त जोडले की.

काकांचा भाग तेव्हा मी पहिल्यांदा नीट ऐकला. त्यांनी फोन उभा धरून स्वतःलाच चित्रित केलं होतं. मागे निळी भिंत, डोक्यावर इस्त्रीची टोपी.

"आमचं काम कसं," ते सांगत होते, "हा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मध्ये कधी अर्धा मैल पाइप. फोन कुठले तेव्हा! हा पान्यानं ठोकायचा, मी पाइपला कान लावून ऐकायचो. गळती कुठे म्हणशील, तर नेहमी जोडापाशी. सरळ पाइप कधी दगा देत नाही. आणि एक सांगतो. तीस वर्षांत त्यानं ठोकलं आणि मला कळलं नाही, असं एकदाही झालं नाही. का सांगू? लोखंडातून कळतंच. बहिऱ्यालाही कळतं. हात ठेवा, पाय ठेवा, कळतं."

मी तिथे चित्र थांबवलं. काकांचं तोंड अर्धं उघडं राहिलं.

त्यांचा भाग पाच मिनिटांचाच राहायला हवा होता, नाहीतर ते शेवटचं वाक्य मी तिथल्या तिथे कापलं असतं. मी त्यांना फोन केला.

"काका, शेवटचं जरा लांबलंय. कापू का?"

"काप की! तुझंच काम ते." मग थोडं थांबून, "कुठलं शेवटचं?"

"ते... पाय ठेवा वगैरे."

"ते का गं? ते तर चांगलं आलंय असं आमची म्हणते."

"बरं. राहू दे मग."

"तुझ्या टेबलाखालून जातो ना तो? त्यानं टाकला तेव्हा मीच धरला होता पलीकडून."

मी फोन ठेवला.

५

शुक्रवारी एकतीस मिनिटं.

वीसवर अकरा. भागिले तीन जोड. प्रत्येकी तीन मिनिटं चाळीस सेकंद.

हा आकडा मला ओळखायला मीटर लागलं नाही, कॅल्क्युलेटरही नाही. खुर्चीवरून उठले आणि खोलीचं दार आतून लावलं. घरात फक्त आई होती, तरी लावलं.

आता जे सांगते ते मी कोणालाही सांगितलेलं नाही.

त्या दुपारी मी एका लग्नाचं गाणं जोडत होते. गाण्याची लांबी तीन मिनिटं चाळीस सेकंद. सकाळपासून बाबांनी एकोणीस वेळा बोलावलं होतं. विसाव्यांदा मी त्यांच्या दारात उभी राहून म्हणाले, "आता मेलात तरी येणार नाही." अशी वाक्यं घरोघरी म्हटली जातात. त्यानं कोणी मरत नाही.

मी हेडफोन चढवले, गाणं लावलं. थोड्या वेळानं तळपायांना लागलं. तीन. मी आवाज वाढवला. पुन्हा तीन. गाणं संपलं, मी परत पहिल्यापासून लावलं. ठोके बदलले होते; तीन-तीनचे राहिले नव्हते, कसेही पडत होते, आणि वरून नाही, खालून येत होते, जमिनीलगत. तेही तळपायांना कळतं. काका म्हणतात ते खरं आहे.

तेव्हा मी पाय उचलून खुर्चीवर घेतले. मांडी घालून बसले. गाणं तिसऱ्यांदा लावलं.

तीन वेळा तीन मिनिटं चाळीस सेकंद. अकरा मिनिटं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दहा-पंधरा मिनिटं जीव असावा. वेळेवर कळलं असतं तर कदाचित. डॉक्टर फार कदाचित बोलतात.

मी चोर नाही, खुनी नाही. मी पाय वर घेतले. जगातल्या कुठल्या पुस्तकात तो गुन्हा लिहिलाय?

६

दार लावलेलंच होतं. काळोखाचा तुकडा मी नीट तपासायचं ठरवलं. काळं चित्र पुष्कळदा काळं नसतं, नुसतं अंधारात काढलेलं असतं. उजेड वाढवला की खाली काहीतरी सापडतं. आमच्या धंद्यात हे रोजचंच.

मी उजेड वाढवत नेला. आधी राखाडी दाणे. मग एक आडवी रेघ, डावीकडून उजवीकडे जाणारी, जाड. पाइप. जमिनीच्या इतक्या जवळून पाहिलेला की फरशीवरचे केस दिसत होते. पुढे खुर्चीची पाच चाकं. वर टेबलाची खालची बाजू, तिला चिकटवलेली वायर, माझी. आणि पाइपवर दोन तळपाय. डाव्या टाचेला भेग होती. माझ्या आहे.

चित्र फार वेळ स्थिर होतं. ठोके पडत होते, मीटर उडत होतं. मग तळपाय उचलले गेले. आधी डावा, मग उजवा, सावकाश, चिखलातून काढावेत तसे. वर गेले. दिसेनासे झाले.

उरला तो नुसता पाइप, आणि ठोके.

माझे पाय या क्षणी पाइपवर होते. ते काढून घ्यायचीसुद्धा हिंमत झाली नाही. वाकून टेबलाखाली पाहिलं. भिंतीतून पाइप जिथे आत येतो तिथली ती बोटभर फट. कॅमेरा सोडा, तिथे अंगठाही शिरत नाही. भोकापलीकडे बाबांच्या पलंगाखालची जमीन.

मी चिंधीचा बोळा केला आणि भोकात कोंबला. पेन्सिलीनं ठासला. मग ते सगळे तुकडे कापले, जुनी फाइल पुसली, चारही प्रोजेक्ट नव्यानं मागवून नव्या नावानं जोडले, आणि हेडफोन खुंटीला टांगले.

शनिवारी सकाळी वीस मिनिटं, शून्य सेकंद. तिन्ही जोड कोरडे.

चिंधीचा बोळा मात्र टेबलाखाली फरशीवर पडला होता. पलीकडून कोणी ढकलावा तसा, माझ्या बाजूला.

उंदीर असेल. आमच्याकडे उंदीर नाहीत, पण येतात.

७

शनिवारी दुपारी आई माझ्या खोलीत आली. ती इथे येत नाही. खोलीतल्या एकुलत्या जास्तीच्या स्टुलावर बसली आणि वही उघडली.

"उद्या दोन शब्द बोलायचेत. काय बोलू?"

"काहीही बोल. चांगले होते, कष्टाळू होते."

"सगळेच बोलतील ते." ती पेन वहीवर टेकवून बसली. "आत्या विचारत होती, शेवटी कसं झालं ते सांग म्हणे. लोकांना ऐकायचं असतं."

"शेवटचं कशाला? कार्यक्रम आहे, पंचनामा नाही."

"विचारतात तर सांगायला नको?"

"आई, तू नव्हतीस तिथे. मी होते. मला ऐकू आलं नाही. एवढंच झालं. कितीदा सांगू?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती टेबलाखाली बघत होती.

"मी आले तेव्हा तू खुर्चीवर मांडी घालून बसली होतीस," ती म्हणाली. "तू कधी बसत नाहीस तशी. एवढी बावीस वर्षं बघतेय, तुझे पाय आपले त्या पाइपवर. थंडीत ओरडायचे मी, तरी."

 

"मी यांना आधी हात लावला," आई पुढे म्हणाली, "पण लक्षात राहिलं ते तुझं बसणं."

"मग सहा महिने गप्प का बसलीस?"

"मला वाटलं, तू सांगशील."

ती उठली. वही मिटली. दारापाशी जाऊन म्हणाली, "मला खोटं रचता येत नाही बाई. उद्या उभी राहीन, जे तोंडात येईल ते बोलेन. तू घाल तुझं ते कानात. मी काही हाक मारत नाही."

आई असंच बोलते. वर काहीच नसतं, आणि खाली सुरी. तिनं आरडाओरडा केला असता, थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. म्हाताऱ्या माणसांना सगळं कळत असतं, आणि ते नेमकं माईक हातात येईपर्यंत राखून ठेवतात.

सबंध दुपार मी एकच गोष्ट डोळ्यांपुढे आणत होते. सभागृह, दीडशे माणसं, दादा, आत्या, काका टोपी हातात घेऊन. आणि आई माईकपाशी, हळू आवाजात: पाय वर घेऊन बसली होती.

८

रविवारी साडेनऊला फिल्म तयार झाली. एक्स्पोर्ट केलेली फाइल वीस मिनिटांची, एक सेकंद इकडे नाही की तिकडे. दादा पहाटेच्या गाडीनं येऊन थेट सभागृहात गेला होता; दहाला गाडी घेऊन आम्हाला न्यायला येणार होता. आई अंघोळ करून तिच्या खोलीत तयार होत होती. कपाटाचं दार करकरल्याचं मी ऐकलं.

देण्याआधी फाइल एकदा सबंध बघायची, हा माझा नियम. धंद्यात तो मोडला की कोंबड्या लग्नाला येतात. मी नवे कपडे सांभाळत खुर्चीत बसले, पाय पाइपवर टेकवले, हेडफोन घातले.

आत्याचे गुलाब. पहिला जोड. सरळ गेला, काळोख नाही, काही नाही. दादाचा भाग. सायकलवर बाबा, खांद्यावर दादा. दुसरा जोड. कोरडा. काका बोलायला लागले. हात ठेवा, पाय ठेवा, कळतं. मी डोळे मिटून घेतले. तिसरा जोड.

ठण. ठण. ठण.

मी डोळे उघडले. पडद्यावर काळोख नव्हता. माझा भाग सुरू झाला होता. बाबा खिडकीशी बसून हात हलवत होते, वर मी लावलेले सतारीचे मंद सूर. फाइल बरोबर चालली होती. मी मीटरकडे पाहिलं. हिरवी पट्टी सतारीबरोबर हळूच वरखाली होत होती.

पुन्हा तीन. पट्टी उडाली नाही.

आवाज फाइलमध्ये नव्हता. कानातही नव्हता. तळपायांत होता.

मी विचार करते. कोणी म्हणेल, मी विचार केला नाही. ते खोटं आहे. मी म्हटलं, या आठवड्यात चार वेळा धावले आणि चारही वेळा तिनं मलाच वेड्यात काढलं. मी म्हटलं, कपाटाचं दार आपटलं असेल. मी म्हटलं, पाना उशीखालून पडला असेल. मी म्हटलं, ती म्हणालीय की हाक मारणार नाही, आणि ही हाक नाही. मग मी म्हटलं, अजून पाच मिनिटांत फिल्म संपेल, मग बघू.

मग ठोके तीन-तीनचे राहिले नाहीत. कसेही पडायला लागले. आणि वरून येत होते ते खालून यायला लागले, जमिनीलगत.

तेव्हा मला अकराचं सभागृह दिसलं, आणि माईक दिसला. माईकपाशी कोणी नव्हतं.

मी पाय उचलून खुर्चीवर घेतले.

तळपाय लगेच कोरडे झाले. बाबा खिडकीशी हात हलवत होते. मी आवाज थोडा वाढवला. सतार बरी वाजली होती. शेवटी त्यांचा फोटो आला, तारखा आल्या, पडदा काळा झाला. वीस मिनिटं.

आकडा थांबला नाही. वीस एक. वीस दोन.

मी उजेड वाढवला नाही. वाढवायची गरज नव्हती, आज चित्र स्वच्छ होतं. खाली पाइप. पलीकडे खुर्चीची पाच चाकं. वरून लोंबणारा माझ्या नव्या कपड्यांचा काठ. तळपाय कुठेच दिसत नव्हते. आणि चित्राच्या अगदी अलीकडच्या कडेला, भोकाच्या आईच्या खोलीकडच्या बाजूला, पान्याचं टोक आलं, थरथरत, आणि परत मागे गेलं. पाना धरलेल्या बोटात आईची अंगठी होती.

फोन उजळला. दादा.

"खाली उभा आहे. आईनं बोलायचं लिहून घेतलंय ना? आत्या विचारतेय."

बावीस दहा. बावीस अकरा.

मी टाइप केलं, "हो. तयार होतेय. दोन मिनिटं."

पाठवलं. फोन उपडा ठेवला. आकडा तेवीस चाळीसवर जाऊन थांबला, आणि मग एवढी शांतता झाली की ती हेडफोनमधली की घरातली, हे ते काढल्याशिवाय कळणार नाही.

मी अजून काढलेले नाहीत. पायही खाली सोडलेले नाहीत.